पुढे थांब, कुठे लांब

आई मोटारसायकलवर मागे बसली की आमचं बोलणं पाठीवरच्या थापांनी चालायचं. एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. तीन थापांचा अर्थ ठरवायची वेळ कधी आली नाही.

शब्दांनी बोलून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर तिने माझ्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून ओरडून सांगितलं, "पुढे थांब!" मला ऐकू आलं, "कुठे... लांब?" मीही तसंच ओरडून उत्तर दिलं की अजून दीडशे किलोमीटर आहे, आणि तिला हवी असलेली चहाची टपरी मागे टाकली.

नंतर लक्षात आलं की मी ऐकण्यात चूक केली, पण ती अगदी शिस्तीत केली होती. पुढे आणि कुठे, थांब आणि लांब. स्वर जसेच्या तसे पोचले होते, वाऱ्याने नेली होती ती फक्त व्यंजनं. मोटारसायकलवरच्या इंटरकॉमचं, म्हणजे हेल्मेटमधल्या माइक-स्पीकरच्या जोडणीचं, सगळं शास्त्र या चोरीचा बंदोबस्त करण्यात आहे.

अ, आ, उ हे स्वर दांडगे असतात. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा त्यांची, आणि ती सेकंदाला हजार कंपनांच्या खालीच साठलेली. त, क, स, श ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. त्यांची ओळख पटते ती बरीचशी दोन हजार कंपनांच्या वर. हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज मात्र बहुतांशी खालच्या पट्टीतली घुरघुर असतो. मग खालच्या पट्टीतला आवाज वरच्या पट्टीतली अक्षरं कशी खातो?

उत्तर कानाच्या आतल्या शंखासारख्या नळीत आहे. तिच्यात एक पडदा लांबवर पसरलेला असतो. बारीक आवाज त्याच्या तोंडापाशीच ओळखले जातात, खर्जातले आवाज पार टोकाला. म्हणजे खर्जाच्या लाटेला टोकापर्यंत जाताना बारीक आवाजांच्या दारावरूनच जावं लागतं. लाट लहान असेल तर ती गुपचूप निघून जाते. मोठी असेल तर जाता जाता सगळी दारं खडखडवते, आणि त्या गोंधळात 'थ' आला होता की 'ल' हे मेंदूला कळत नाही. खर्ज जितका मोठा, तितकी ही दांडगाई जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

घोंघाट सायलेन्सरचा असतो असं पुष्कळांना वाटतं. धडधडणाऱ्या गाड्यांचे शौकीन तर तसं अभिमानाने सांगतात. पण गावाबाहेर पडून वेग सत्तरच्या आसपास गेला की कानाशी राज्य वाऱ्याचं. हेल्मेटवरून घसरणारी हवा भोवरे करत सुटते आणि हनुवटीखालच्या फटीतून आतही घुसते. या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग ८० वरून १०० केला तर वेग सव्वापट होतो, पण आवाजाची ऊर्जा जवळजवळ चौपट होते, म्हणजे सुमारे सहा डेसिबलची भर. कानाच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेचा हिशोब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. त्यानुसार ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ताशी शंभराला हेल्मेटच्या आत ९५ च्या वर सहज जाता येतं. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर धरले तर ८० ऐवजी १०० ने गेल्यावर अर्धा तास वाचतो खरा, पण कानाची शिल्लक चौपट वेगाने संपते.

ही अडचण अमेरिकेत लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्या जोडप्यांना चांगलीच जाणवली. होंडाने १९७५ मध्ये 'गोल्ड विंग' आणली तेव्हा तिला पुढे वारा अडवणारं कवचसुद्धा नव्हतं. लोक क्रेग व्हेटर यांच्या कारखान्यातलं 'विंडजॅमर' कवच विकत घेऊन बसवत. १९८० मध्ये 'इंटरस्टेट' हे रूप कारखान्यातूनच कवच घेऊन बाहेर पडलं. कवचामागे हवा शांत असते, म्हणून तिथे रेडिओ आणि स्पीकर बसवण्यात काही अर्थ होता. पुढे त्याला पुढच्या-मागच्या दोघांसाठी इंटरकॉम आणि इतर गाड्यांशी बोलायला सीबी रेडिओ जोडता येऊ लागला. हेल्मेटमधून निघालेली वेटोळ्यांची वायर गाडीत खोचायची आणि गप्पा मारत राज्यंच्या राज्यं ओलांडायची. उतरताना वायर काढायला विसरलं की मानेला हिसका बसायचा, तेवढंच.

आपल्याकडे काही हौशी लोक कवच नसलेल्या साध्या गाडीच्या हँडलला स्पीकर लावतात. त्यांचं गाणं सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येतं. वेग घेतल्यावर ते त्यांनाच ऐकू येत नाही.

आता माइक. वाऱ्यात ओरडून उपयोग नाही, कारण माइकला आवाज आणि घोंघाट दोन्ही सारखेच प्यारे. युक्ती अशी की माइकच्या पडद्याच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या. दुरून येणारा घोंघाट पुढून आणि मागून जवळपास सारखाच दाब देतो, त्यामुळे पडदा जागचा फारसा हलत नाही. ओठ मात्र एका बाजूला सेंटिमीटरभर अंतरावर असतात. तिथे पुढची बाजू आणि मागची बाजू यांतला फरक मोठा, म्हणून बोलणं तेवढं उमटतं. एकच अट: माइक ओठांना लागेल इतका जवळ हवा. आईने तो 'ओठांना गुदगुल्या होतात' म्हणून हनुवटीखाली सरकवला आणि मला अर्धा तास नुसता समुद्र ऐकवला. माइकवरचं स्पंजचं टोपणही शोभेचं नसतं. थेट आदळणाऱ्या हवेचे भोवरे ते पडद्यापर्यंत पोचू देत नाही.

काही यंत्रांत बोलायला लागलं की माइक आपोआप सुरू होतो. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि पहिलं अक्षर तेवढ्यात निसटतं. 'नको' चं 'को' होतं. अनुभवी लोक म्हणून आधी 'अं' म्हणतात. ही सवय मला नव्हती. उसाच्या ट्रॉलीने अचानक आडवं येताच मी एक शिवी हासडली, तीही लांबलचक. तिचं फक्त पहिलं अक्षर गळलं. उरलेली आईपर्यंत अगदी स्वच्छ पोचली.

आमचा पहिला संच वायरचाच होता. फोन गाडीच्या सॉकेटवर चार्जिंगला लावला की कानात बारीक शिट्टी सुरू व्हायची, आणि ॲक्सिलरेटर पिळला की तिचा सूर चढायचा. फोन आणि इंटरकॉम दोघांचं अर्थिंग गाडीच्या सांगाड्यातून जोडलं गेलं, आणि गाडीची वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची थरथर त्या वेढ्यातून आवाजाच्या वायरीत शिरली. मधे बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यातून आवाज चुंबकीय क्षेत्रामार्फत पलीकडे जातो, तारेने तार जोडलेली राहत नाही. शिट्टी गेली.

ब्लूटूथ आल्यावर वायरच गेली. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलतं, त्यामुळे गर्दीतही टिकतं. कंपन्या किलोमीटरच्या पल्ल्याच्या जाहिराती करतात, पण एकाच गाडीवरच्या दोघांना लागतो जेमतेम एक मीटर. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ संभाषणात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. एक कंपन टिपायला निदान दोन नमुने लागतात, म्हणजे चार हजार कंपनांच्या वरचं सगळं कापलं जातं. 'स' ची सळसळ बरीचशी तिथेच असते. साध्या फोनवर नाव सांगताना 'समईतला स' म्हणावं लागतं ते याचमुळे. नव्या संचांत १६००० नमुने मिळतात आणि 'स' परत येतो. माझ्या मते विकत घेताना पल्ल्यापेक्षा हे विचारावं.

आणि आता बोळे. फोमचे, पिवळे, कारखान्यात वापरतात ते. मी आईला म्हटलं की हे कानात घालून वर इंटरकॉम लाव, जास्त स्पष्ट ऐकू येईल. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शिवीची आठवण झाली.

पण बोळ्याने वारा आणि स्पीकर दोन्ही दबतात. नंतर स्पीकरचं बटण वाढवलं तर फक्त बोलणं वाढतं, वारा दबलेलाच राहतो. शिवाय खर्जाची लाट लहान झाली की तिची दारं खडखडवण्याची दांडगाई कमी होते आणि व्यंजनं पुन्हा हाती लागतात. बोळ्यांशिवाय बटण वाढवलं असतं तर कानाचंच वाटोळं झालं असतं. हॉर्नही असाच वाऱ्याबरोबर दबतो, त्यामुळे वाऱ्याच्या तुलनेत तो होता तिथेच राहतो. मात्र ज्यांना मुळातच कमी ऐकू येतं, त्यांना बोळ्यांनी उलट जास्त अवघड जातं. आईचा तो प्रश्न नाही, तिला दोन मजले खालचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं.

बोळा चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. साताऱ्याच्या पेट्रोल पंपावर मी तिचे दोन्ही कान असे ओढले तेव्हा शेजारचा ट्रक ड्रायव्हर चहा प्यायचा थांबून बघत राहिला. स्पीकरची गादीही सेंटिमीटरभर मागे सरकवली. कानाच्या भोकासमोर नसली तर तीही निम्मी वाया जाते.

महामार्गाला लागून ऐंशीचा वेग धरला. थोडा वेळ शांतता. मग कानात घरातल्या आवाजात, एकही अक्षर न गाळता, प्रश्न आला, "अगं, निघताना गॅस बंद केलास ना?"

आम्ही तेव्हा उंब्रजच्या पुढे होतो.