मर्यादित आवृत्तीच्या रेकॉर्ड मागवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामात निघणाऱ्या मर्यादित आवृत्त्या आणि जुन्या रेकॉर्डचे रिइश्यू, म्हणजे नव्याने काढलेल्या प्रती, यांसाठी आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात आगाऊ नोंदणी सुरू झाली आहे. काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न आणि आमच्या अटी या पत्रकात एकत्र दिल्या आहेत, कारण ‘लिमिटेड’ हा शब्द अलीकडे इतक्या सढळ हाताने छापला जातो की पैसे भरण्याआधी त्याचा अर्थ तपासून घेतलेला बरा.

पहिला प्रश्न प्रतींच्या संख्येचा. कव्हरवर ‘५०० पैकी १२७’ असा क्रमांक घातलेला असेल, तर आवृत्ती खरोखरच मर्यादित आहे असे मानता येते. मात्र पुष्कळदा मर्यादित असतो तो फक्त रंग. लाल किंवा निळी प्रत संपली तरी तीच रेकॉर्ड काळ्या रंगात पुढे कितीही वर्षे निघत राहते. लॅकर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर आधी चर कोरतात, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटे साचे काढतात आणि त्या साच्यांत तापवलेले पीव्हीसी दाबून रेकॉर्ड तयार होते. एका साच्यातून साधारण हजारभर चांगल्या प्रती निघतात. त्यामुळे पाचशेची आवृत्ती सहसा साच्यांच्या एकाच जोडीत आटोपते आणि शेवटची प्रतही साचा झिजण्याआधीच निघते. छोट्या आवृत्तीचा ऐकण्याच्या दृष्टीने हाच काय तो खरा फायदा.

तारखा पुढे का ढकलल्या जातात, याचे उत्तरही याच प्रक्रियेत आहे. कोऱ्या लॅकर तबकड्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत नष्ट झाला आणि सगळा भार जपानमधल्या दुसऱ्या कारखान्यावर आला. पुरवठ्याची साखळी एवढी अरुंद असल्यामुळे कंपनीने जाहीर केलेली तारीख आम्ही अंदाज म्हणूनच सांगतो. ती पाळण्याची हमी देत नाही.

रिइश्यू घेताना रंगापेक्षा आणि वजनापेक्षा महत्त्वाचे काय, असे विचाराल तर ती कशावरून कापली आहे, म्हणजे चर कोरताना आवाज कोठून घेतला आहे, हे. मूळ चुंबकीय टेपवरून, टेपच्या डिजिटल प्रतीवरून की निव्वळ सीडीवरून, याचा उल्लेख चांगली कंपनी कव्हरवर करते. डिजिटल टप्पा म्हणजे कमअस्सल, असे आमचे म्हणणे नाही. नीट केलेले काम कानाला सुखावते. आक्षेप आहे तो लपवण्याला. अमेरिकेतील एका नामांकित कंपनीच्या महागड्या रिइश्यूंमध्ये डिजिटल टप्पा वापरला जात होता, हे २०२२ मध्ये उघड झाले तेव्हा जगभरच्या संग्राहकांनी नाराजी व्यक्त केली, तीही याच कारणाने. स्रोत लिहिलेला नसेल तर नोंदणीपत्रावर आम्ही ‘स्रोत अज्ञात’ असा शेरा स्पष्टपणे मारतो. १८० ग्रॅमची जाड तबकडी हाताला छान लागते, पण कच्चे मास्टरिंग, म्हणजे चर कोरण्याआधी आवाजावर केलेले शेवटचे काम, तिने सुधारत नाही. चित्र छापलेली पिक्चर डिस्क भिंतीवर शोभते. ऐकण्यासाठी ती घेऊ नये.

शास्त्रीय संगीताच्या ग्राहकांना एक खास सूचना. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते आणि तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटे आरामात मावतात. एका बाजूला एक राग, अशी मांडणी त्यामुळेच रुळली. हल्ली काही रिइश्यू ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर निघतात. आवाज अधिक मोकळा येतो हे खरे, पण एका बाजूवर जेमतेम बारा ते पंधरा मिनिटे बसतात, म्हणजे विलंबित ख्याल रंगात येतो न येतो तोच उठून तबकडी उलटावी लागते. आमच्या मते ख्यालासाठी ३३⅓ चीच प्रत मागवावी.

दरवर्षी वसंतात, बहुधा एप्रिलमधल्या एका शनिवारी, ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो. २००८ पासून चालत आलेल्या या दिवसाच्या खास आवृत्त्या परदेशातील सहभागी दुकानांत ‘जो आधी येईल त्याला’ या तत्त्वाने विकल्या जातात. त्यांची आगाऊ नोंदणी आम्ही घेत नाही. उरलेल्या प्रती हाती आल्या तरच ग्राहकांना कळवतो.

आता आपल्या उन्हाविषयी. गेल्या मे महिन्यात लातूरच्या एका ग्राहकाने नवी कोरी रेकॉर्ड गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली आणि वाटेत जेवायला थांबले. घरी जाऊन लावली तेव्हा सुई नावेसारखी वरखाली होत होती, कारण तबकडीची कड पापडासारखी उचलली गेली होती. तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की रेकॉर्ड मऊ पडू लागते आणि मराठवाड्यातल्या उन्हात बंद गाडी हा पल्ला सहज गाठते. म्हणून १५ एप्रिल ते १० जून या काळात आम्ही एस. टी. पार्सलने किंवा कुरिअरने माल पाठवत नाही. जालना, परभणी, नांदेडच्या ग्राहकांच्या प्रती दुकानातच उभ्या ठेवल्या जातात आणि त्याचे वेगळे शुल्क आकारले जात नाही. घरीही रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात, पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर कधीही ठेवू नयेत.

नोंदणीच्या वेळी निम्मी रक्कम घेतली जाते. कंपनीने आवृत्ती रद्द केल्यास ती पूर्ण परत मिळते. प्रत हाती आल्यापासून सात दिवसांत सपाट टेबलावर ठेवून ती तपासावी. तबकडी बाकलेली असेल किंवा दोन्ही बाजूंना एकच लेबल लागले असेल, तर बदलून देऊ. कव्हरचा कोपरा दुमडला, एवढ्या कारणासाठी मात्र बदलून मिळणार नाही.

शेवटी, आजोबांच्या चावीच्या फोनोवर यांपैकी कोणतीही रेकॉर्ड लावू नये. त्याची पोलादी पिन आणि ती धरणारा जड साउंडबॉक्स एलपीचे चर एकाच फेरीत खरवडून काढतात. त्या फोनोसाठी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या दुकानात दाराजवळच्या कपाटात आहेत आणि त्यांना नोंदणी लागत नाही.