जो बॉल हाताला लागलाच नाही, त्याचं काय करायचं?

२०१० साली मी न्यूजर्सीत नवीनच होतो आणि ऑफिसात माझ्या शेजारी साठीच्या घरातले एक गृहस्थ बसायचे, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचे कट्टर भक्त, मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायचो. नोव्हेंबरात त्यांच्या लाडक्या डेरेक जीटरला पाचवं गोल्ड ग्लव्ह मिळालं, म्हणजे त्या जागेवरचा लीगमधला बेस्ट फिल्डर, आणि काका पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पलीकडे बसणारा एक पोरगा मात्र फिदीफिदी हसत होता, म्हणे आकडे बघा, हा लीगमधल्या सगळ्यात वाईट शॉर्टस्टॉपांपैकी एक आहे. काका लालबुंद! "तू मॅच बघतोस की एक्सेल बघतोस?"

मला तेव्हा शॉर्टस्टॉप म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा तो फिल्डर, उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीवरचे फटके त्याच्याच बाजूला सगळ्यात जास्त येतात, आपल्याकडे पॉइंटच्या फिल्डरला जो भाव तोच तिकडे त्याला. आणि जीटर म्हणजे काय साधासुधा माणूस नाही, ३४६५ हिट्स (म्हणजे इतक्या वेळा फटका मारून सुखरूप बेस गाठला), २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला तेव्हा ३९७ पैकी ३९६ मतं. २००१ च्या प्लेऑफमध्ये ओकलंडविरुद्ध तो आपली जागा सोडून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला धावत गेला, भरकटलेला थ्रो उचलला आणि पळता पळताच विकेटकीपरकडे, सॉरी, कॅचरकडे असा काही फेकला की रनर आउट. ती मॅच यांकीज १-० ने जिंकले. आता हे ज्याने लाइव्ह बघितलंय त्याला तुम्ही जाऊन सांगणार की हा वाईट फिल्डर आहे?

गंमत अशी आहे की काका खोटं बोलत नव्हते, पण त्यांना जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं नाही हेच कळायला मार्ग नव्हता.

बघा, बेसबॉलमध्ये फिल्डरने सहज होण्यासारखं काम चुकवलं तर त्याच्या नावावर एरर लागतो. पण तो बॉलपर्यंत पोचलाच नाही तर? काहीच नाही, तो बॅटरचा हिट, स्कोअरशीटवर फिल्डरचं नावसुद्धा येत नाही. म्हणजे जो जास्त लांबपर्यंत पोचतो तोच जास्त वेळा हात लावून सोडण्याचा धोका पत्करतो, आणि जो पोचतच नाही त्याची पाटी कोरी. २०१० मध्ये जीटरच्या नावावर अख्ख्या सीझनला फक्त ६ एरर होते, आणि गोल्ड ग्लव्हचं मत देणारे मॅनेजर आणि कोच लोक तेव्हा हेच बघायचे, शिवाय डोळ्यांनी जे दिसतं ते.

आणि डोळ्यांना काय दिसतं, तर डाइव्ह! पण डाइव्ह कधी मारावी लागते? अर्धं पाऊल उशिरा निघालात तर. दुसरा कोणी बॅटचा आवाज यायच्या आतच हलला असेल तर तोच बॉल तो उभ्या उभ्या उचलतो आणि आपण म्हणतो हं, सोपा होता. अवघड काम सोपं करून दाखवणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, घराघरातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्सस राज्यात एका डबाबंद खाण्याच्या फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन होता, तिथे बसून त्याने १९७७ पासून स्वतःच आकड्यांची पुस्तकं छापायला सुरुवात केली. त्याचा एक प्रश्न साधा होता, चुका कशाला मोजता, हा माणूस एका मॅचमध्ये किती आउट करून देतो ते मोजा की. पुढे २००६ च्या सुमाराला त्यानेच जीटर आणि ह्यूस्टनचा शॉर्टस्टॉप ॲडम एव्हरेट यांची तुलना केली, एव्हरेटला गोल्ड ग्लव्ह कधीच मिळालं नाही, पण २००५ च्या एकाच सीझनमध्ये दोघांत साठाहून जास्त बॉलचा फरक निघाला, तोही एव्हरेटच्या बाजूने. आणि जेम्स नुसता आकड्यांवर थांबला नाही, त्याने दोघांचे व्हिडिओ काढून बघितले, आणि मग त्यालाही पटलं.

हे आकडे येतात कुठून हा भाग मला सगळ्यात आवडतो. कोणीतरी बसून प्रत्येक मॅचच्या व्हिडिओमधून प्रत्येक फटका कुठे गेला, किती जोरात गेला, जमिनीवरून की हवेतून, हे लिहून ठेवलेलं असतं, मग तसाच फटका बाकीचे शॉर्टस्टॉप किती वेळा पकडतात ते काढतात. समजा १०० पैकी ७० वेळा पकडला जातो, तर तुम्ही पकडलात तर तुम्हाला ०.३ जमा आणि सुटला तर ०.७ वजा. म्हणजे जो बॉल हाताला लागला नाही त्याचाही हिशोब आला! थोडक्यात काय, तो पोरगा ज्याला एक्सेल म्हणत होता ते पण मॅच बघणंच होतं, फक्त सगळ्या टीमच्या सगळ्या मॅच, आणि वही घेऊन. (अशा एका आकड्याला तिकडे डीआरएस म्हणतात, त्याचा आपल्या रिव्ह्यूशी काही संबंध नाही, माझा वर्षभर गोंधळ व्हायचा.) २०१३ पासून गोल्ड ग्लव्हच्या निकालात साधारण पाव हिस्सा आकड्यांना दिलाय.

बॅटिंगमध्ये तर डोळे अजूनच उघडे पडतात. ०.३०० ॲव्हरेजवाला (म्हणजे दहा वेळा बॅटिंगला आला की तीन हिट्स) स्टार आणि ०.२७५ वाला ठीकठाक, असं मानतात. ६०० वेळा बॅटिंगला आलात तर १८० हिट्स विरुद्ध १६५, फरक १५ चा, तोही सहा महिन्यांत, म्हणजे दोन आठवड्यांतून जेमतेम एखादा हिट जास्त. कोण ओळखणार हे बघून? पण थांबा, आकडेवाल्यांनी इतक्यात खूश होऊ नये. ६०० प्रयत्नांत निव्वळ नशिबानेच ११ हिट्स इकडेतिकडे सहज होतात, नाणेफेकीचंच गणित आहे ते, त्यामुळे एका सीझनचा आकडा बघून हा त्याच्यापेक्षा भारी हे छातीठोक सांगणाराही फेकतच असतो.

आणि आकडे मुळात मोजायला सांगितलं तेवढंच मोजतात. बेसबॉलच्या स्कोअरशीटचा जनक मानतात तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचा रिपोर्टर. चार खराब बॉल सोडून बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो त्याला वॉक म्हणतात, चॅडविकच्या मते ती बॉलरची चूक, आपल्या वाइडसारखी, बॅटरचं त्यात काय कौतुक! म्हणून वॉक ॲव्हरेजमध्ये धरलाच नाही, आणि शंभरेक वर्षं धीर धरून बॉल सोडणारे बॅटर स्वस्तात मिळत राहिले. ओकलंडने २००२ मध्ये तेच हेरलं, कोपराच्या दुखापतीने कॅचर म्हणून संपलेला, पण असाच धीर धरून बॉल सोडणारा स्कॉट हॅटबर्ग पहिल्या बेसवर उभा केला, आणि टीमने १०३ मॅच जिंकल्या, त्यात सलग २०. पगाराचं बजेट यांकीजच्या साधारण एक तृतीयांश, आणि यांकीजच्या विजयांचा आकडाही त्या वर्षी १०३ च.

उलटा किस्सा कॅचर लोकांचा. जुने कोच कायम सांगायचे की चांगला कॅचर बॉल असा शांतपणे झेलतो की कडेचा बॉलही अंपायरला स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरुद्ध मोजायचा चांगला बॉल, वाटतो (असे तीन झाले की बॅटर आउट). आकडेवाले हसायचे, पुरावा कुठाय? मग प्रत्येक बॉलचा मार्ग टिपणारे कॅमेरे २००८ पर्यंत सगळ्या स्टेडियममध्ये लागले, २०११ मध्ये माइक फास्ट नावाच्या एका आकडेवाल्याने त्या डेटावरून हिशोब मांडला, आणि यादीत होझे मोलिना वर आला, पोर्तो रिकोच्या तीन कॅचर भावांमधला मधला, बॅटिंग सुमार, धावणं त्याहून सुमार. एका बॉलचा स्ट्राइक करून घेणं म्हणजे सुमारे ०.१३ रन, ऐकायला चिल्लर, पण सीझनभरात असे हजारो बॉल येतात. टॅम्पा बेच्या टीमने छत्तिशीतल्या मोलिनाला लगेच घेतला. म्हणजे म्हातारे कोच बरोबर होते, मोजायचं यंत्रच नव्हतं.

आता तर २०२० पासून तिथे हॉक-आयचे कॅमेरे आहेत, आपल्याला एलबीडब्ल्यूमुळे माहीत असलेलं तेच हॉक-आय. फिल्डर कुठून निघाला, पहिलं पाऊल कधी टाकलं, सगळं टिपतं, आता कोणाला वही घेऊन बसायला नको. आणि २०२६ च्या सीझनपासून खराब बॉल की स्ट्राइक या अंपायरच्या निर्णयावर खेळाडूंना अपील करता येईल असं ठरलं, टीमला दोन संधी, डोक्यावर हात टॅप करायचा की झालं. मोलिनाने कमावलेली कला यातून किती उरणार हे पुढच्या कॅचरांचं दुखणं.

काका रिटायर झाले. मध्ये एकदा फोनवर मी एव्हरेटचं नाव काढलं, तर म्हणाले, "कोण?"