पुण्याचे सांडपाणी, सोलापूरचे पिण्याचे पाणी

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणी पुणे शहर वापरते आणि त्याचे सांडपाणी मुळा-मुठेत येते. मुळा-मुठा दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात येऊन थांबते. आळंदीत फेसाळलेली इंद्रायणीही तुळापूरला भीमेत मिसळून तिथेच पोचते. उजनीतून सोलापूर शहराला पाणी जाते आणि धरणाच्या खाली हीच भीमा पंढरपूरची चंद्रभागा होते. नदी सुधारण्याची चर्चा काठावरच्या बागा आणि पदपथांपाशी अडकते तेव्हा म्हणूनच संताप येतो. खालच्या गावांच्या हंड्यात काय जाते, हा पहिला प्रश्न असायला हवा.

नदी स्वतःला स्वच्छ करते, हे खरे आहे. ते काम जिवाणू करतात. मैल्यातले सेंद्रिय पदार्थ ते खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. अडचण हिशोबाची आहे. 25 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर कच्च्या सांडपाण्यातली घाण पचवायला मात्र 200 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. या मागणीला बीओडी म्हणतात. नेहमीची प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायच्या नदीत बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमहून जास्त नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये हे गणित मांडले. सांडपाणी मिसळले की प्राणवायू घसरत जातो, काही अंतरावर तळ गाठतो आणि मग हवेतून हळूहळू भरून निघतो. भरून निघायला खळाळ हवा, पातळ करणारे स्वच्छ पाणी हवे. आपल्याकडे नेमके तेच उरत नाही. पावसाळा सरला की धरणाखाली नदीचा स्वतःचा प्रवाह आटतो.

पूर्वी या काळात नदीला जमीन पाणी पुरवायची. मुरमात आणि भेगाळलेल्या, सच्छिद्र बेसॉल्टमध्ये मुरलेला पाऊस झऱ्यांवाटे महिनोन्महिने पात्रात झिरपत राहायचा. बोअरवेलने भूजल खाली गेले की हे झरे आटतात, उलट नदीचेच पाणी जमिनीत ओढले जाऊ लागते. पाणलोटात पाणी मुरवणे, ओढे बुजवू न देणे आणि उपशाला आवर घालणे हे त्यामुळे नदी स्वच्छ करण्याचेच काम आहे, जरी ते नदीपासून दूर कुठेतरी माळावर होत असले तरी.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रे हवीतच. पण बीओडी कमी करण्यासाठी बांधलेल्या साध्या केंद्रातून बराचसा फॉस्फरस तसाच बाहेर पडतो. नायट्रोजनसह तो संथ पाण्यात पोचला की जलपर्णी माजते, पाणी हिरवे होते. उजनीत हा हिरवा रंग लोकांनी अनेकदा पाहिला आहे. अशा पाण्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांच्या काही जाती यकृताला घातक विषे तयार करतात. पाणी उकळून ती विषे जात नाहीत. नुसते क्लोरीन वाढवणे हाही उपाय नव्हे. ऱ्हाइन नदीचे पाणी घेणाऱ्या रॉटरडॅममध्ये योहानेस रूक यांनी 1974 मध्ये दाखवून दिले, की पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. जलशुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी जितके घाण, तितके ते पिण्याजोगे करणे महाग आणि बेभरवशाचे.

आणि ही घाण साठत जाते. फॉस्फरस गाळातल्या लोहाला चिकटून तळाशी बसतो. तिथला प्राणवायू संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावात 1950 च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी सोडणे थांबवले, तरी तलाव सुधारला नाही. 1970-71 मध्ये तळाचा गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळू लागले. तो तलाव सुमारे एक चौरस किलोमीटरचा. उजनीचा पसारा त्याच्या शेकडो पट आहे. तिथला सगळा तळ उपसणे कल्पनेपलीकडचे. फॉस्फरस अडवायचा तर तो पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रक्रिया केंद्रांतच, भीमेला मिळण्याआधी, अडवावा लागेल.