लावलेले रोप आणि रुजलेले झाड

देशी झाडाला वेगळे पाणी घालावे लागत नाही, हे विधान पुन्हा पुन्हा केले जाते आणि ते रुजलेल्या झाडाबद्दल आहे, एवढे सांगायचे मात्र दरवेळी राहून जाते. नुकत्याच लावलेल्या रोपाला ते लागू पडत नाही, आणि या गल्लतीपायी उत्तम रोपे पहिल्याच कोरड्या हंगामात वाळून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

रुजलेल्या झाडाची मुळे फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात, त्यामुळे तिथल्या पाऊसमानावर ते निभावून नेते. लावलेल्या रोपाची मुळे मात्र सुरुवातीचे काही आठवडे पिशवीतून आलेल्या मातीच्या गोळ्यातच असतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचे ते मिश्रण भुसभुशीत असल्याने लवकर सुकते आणि भोवतालच्या बारीक कणांच्या मातीने धरून ठेवलेला ओलावा त्यात सहजासहजी शिरत नाही. म्हणूनच खड्ड्याच्या कडेची माती हाताला ओली लागत असतानाही आतला गोळा कोरडा ठणठणीत असू शकतो. बोट खुपसून पाहायचे ते खोडालगत, त्या गोळ्यातच, आणि सुरुवातीचे पाणीही तिथेच सावकाश जिरवायचे. रोप कोमेजले म्हणून न तपासता पाणी ओतू नये, कारण पाणी साचून मुळे गुदमरली तरीही पाने तशीच माना टाकतात. रोज पानांवर पाणी शिंपडण्याची पद्धत तर मला मुळीच मान्य नाही. त्याने मातीचा वरचा पापुद्रा तेवढा भिजतो. मुळे गोळ्याबाहेर सरकू लागली की आळे रुंद करावे, पाणी खोलवर द्यावे आणि दोन पाळ्यांमधले अंतर वाढवत न्यावे.

झुडपे साधारणतः एक-दोन वर्षांत रुजतात, तर झाडाचे खोड लावताना जितके जाड असेल तितका अधिक काळ लागतो. त्यामुळे उंच, महागड्या रोपापेक्षा मी नेहमी लहान रोपच निवडते.

खताची घाई लावलेले रोप आणि रुजलेले झाड दोघांनाही नको. पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन दोघांनाही मानवते, मात्र ते खोडाला टेकवून रचू नये, कारण सतत ओली राहिलेली साल कुजते.