पार्श्वभूमी : रेकॉर्डच्या पिशवीतलं ‘व्हिनिल’

रेकॉर्डसाठी पिशव्या घ्यायला निघालं की पहिल्याच पायरीवर पीई, पीपी, एचडीपीई, पीव्हीसी ही प्लास्टिकच्या प्रकारांची आद्याक्षरं आडवी येतात. ही बाराखडी रेकॉर्डच्या धंद्याने विचार करून रचलेली नाही. प्लास्टिकच्या कारखान्यांत जे जे स्वस्त होत गेलं, ते ते काही वर्षांनी रेकॉर्डभोवती येऊन बसलं. त्यातली एक निवड चांगलीच अंगाशी आली आणि तिचा निकाल संग्राहकांमध्ये आजही पूर्ण लागलेला नाही.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा काळ थोडक्यात आटोपतो. मधोमध भोक पाडलेलं जाड तपकिरी कागदाचं पाकीट, भोकातून दिसणारं लेबल, एवढाच त्यांचा पोशाख. अशी पाकिटं वहीसारखी बांधली की त्याला अल्बम म्हणत; आपण शब्द ठेवला, वही गेली. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असल्यामुळे तबकडी कडक होती आणि तिच्यावरून फिरणाऱ्या सुईची खरखरच इतकी की पाकिटाने काढलेला बारीक ओरखडा त्यात ऐकूही येत नसे. तिचा खरा वैरी पाकीट नव्हे, फरशी.

१९४८ मध्ये एलपी, म्हणजे व्हिनिल या प्लास्टिकची जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि हिशेब बदलला. सुईचं टोक ३ मिलवरून १ मिलवर आलं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागावर. खाच बारीक झाली, पार्श्वभूमीतली खरखर गेली, आणि ती गेल्यामुळेच धुळीचा प्रत्येक कण ऐकू येऊ लागला. पाकीट मात्र कागदाचंच राहिलं. कागदातून व्हिनिल सर्रकन ओढलं की त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ते आजूबाजूची धूळ स्वतःकडे ओढून घेतं. धुळीपासून वाचवायला आणलेली वस्तूच धूळ गोळा करायला मदत करत होती.

पॉलिथिन, म्हणजे पीई, १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागलं होतं. १९५० च्या दशकात कागदी पाकिटांना आतून त्याचं अस्तर लागू लागलं. १९५९ मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ध्वनिमुद्रणांच्या जतनावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही कौल पॉलिथिनच्या अस्तराच्या बाजूने होता. उत्तर इतक्या लवकर हाताशी होतं, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवावं. तरी ते सर्रास वापरात आलं नाही, कारण कंपन्यांना आतलं पाकीट हवं होतं ते छापायला: गाण्यांचे शब्द, छायाचित्रं, पुढच्या रेकॉर्डची जाहिरात. गुळगुळीत जाड कागदावर छपाई देखणी दिसते आणि रेकॉर्डही देखणेपणाने घासली जाते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तबकड्या पातळ झाल्या, मग पाकिटावर खर्च करायला कोण बसलंय!

बाहेरच्या पिशवीची गोष्ट मात्र संग्राहकांनी स्वतः ओढवून घेतली. १९७० आणि ८० च्या दशकांत जाड, काचेसारख्या पारदर्शक पीव्हीसी पिशव्या लोकप्रिय झाल्या. जॅकेटचे, म्हणजे रेकॉर्डच्या बाहेरच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाचे, रंग त्यांतून खुलून दिसत, हाताला वजन लागे. चित्र छापलेल्या तबकड्या तर अनेकदा थेट पीव्हीसीच्याच पाकिटात विकल्या गेल्या, मध्ये कागदही नाही.

खरा गुंता इथे, आणि तो एका शब्दाचा आहे. पीव्हीसी म्हणजेच व्हिनिल; रेकॉर्ड व्हिनिलची, पिशवीही व्हिनिलची. दोन्ही एकाच घरातल्या, तेव्हा त्यांचं पटेल असं कुणालाही वाटावं. पण रेकॉर्डमधलं व्हिनिल कडक असतं. पिशवीचं व्हिनिल मऊ पडावं म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही. तो आत स्थिर राहत नाही, हळूहळू बाहेर येतो. उष्णता आणि दाब मिळाला की जास्तच. आणि त्याला मुरायला सर्वांत सोयीचा पदार्थ कोणता? पीव्हीसीच. नात्यातलेच ते. रेकॉर्डच्या पृष्ठभागावर मग दुधाळ धुकं उमटतं, कधी पिशवीच्या सुरकुत्यांचा हुबेहूब नकाशा. धुऊन ते जात नाही. वाजवताना दर फेरीला, म्हणजे ३३⅓ च्या वेगात दर १.८ सेकंदांनी, सूं करून लाट येते.

याला विरोध करणारेही आहेत. ‘माझ्याकडे चाळीस वर्षं पीव्हीसी आहे, काही झालं नाही,’ हे वाक्य ठरलेलं. ते खोटं नसावं; द्रव कोणता, खोली किती गरम, रेकॉर्डी किती दाटीने उभ्या, यावर सगळं अवलंबून असतं. या द्रवाची वाफ जॅकेटचा पुठ्ठा ओलांडून आत जाते का, यावरही वाद होतात. धुकं धरलेल्या ज्या रेकॉर्डी कधी पुठ्ठ्याबाहेर राहिल्याच नव्हत्या, त्या पाहिल्यावर मला त्या शंकेत फारसा दम वाटत नाही. संग्रहालयांसाठीच्या सूचनांमध्ये पुढे पीव्हीसी टाळा असं स्पष्ट आलं, पण तोवर सीडी आली होती आणि रेकॉर्डी माळ्यावर गेल्या होत्या. माळा म्हणजे उष्णता आणि दाब, दोन्ही.

दुसरा फसवा शब्द ‘राइस पेपर’. या नावाने विकली जाणारी आतली पिशवी म्हणजे एचडीपीई, पॉलिथिनचाच एक प्रकार: पातळ, धुरकट, हात लावला की सळसळणारी. तांदळाशी तिचा संबंध नाही. ज्या जुन्या पौर्वात्य कागदावरून नाव आलं, तोही बहुतेक वेळा तांदळाचा नसतो.

रेकॉर्ड परतली तेव्हा प्रश्न नव्याने उभा राहिला. २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डींच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर पहिल्यांदाच. १८० ग्रॅमच्या जड तबकड्या टपालातून येताना जॅकेटच्या शिवणी आतून फाडू लागल्या, म्हणून रेकॉर्ड जॅकेटबाहेर काढून दोन्ही एकाच बाहेरच्या पिशवीत मागेपुढे ठेवण्याची पद्धत रुळली. पीव्हीसीच्या चमकेची जागा पॉलिप्रोपिलीनने, म्हणजे पीपीने घेतली. ते पॉलिथिनपेक्षा स्वच्छ दिसतं, पण शिवणीवर चटकन उकलतं. पॉलिथिन धूसर, पण चिवट. जाडी आजही मिलमध्येच सांगतात आणि नवा माणूस मिल म्हणजे मिलिमीटर समजून दचकतो. ३ मिल म्हणजे जेमतेम ७६ मायक्रॉन.

जुन्या संग्रहांबरोबर पीव्हीसी पिशव्या अजून येतच असतात. वास आणि किंचित चिकट स्पर्श यावरून त्या ओळखू येतात. जॅकेटच्या छपाईला चिकटून बसलेली पिशवी खेचून काढली तर शाई तिच्याबरोबर निघते, म्हणून ती शिवणीवर कापून, कोपऱ्यापासून हळूहळू सोडवावी लागते.