पेनसिल्व्हेनियातले सोडलेले फेझंट आणि २६.९० डॉलरचा परवाना

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कुत्रा घेऊन फेझंट या पक्ष्याच्या शिकारीला निघालेल्या प्रौढ माणसाला नेहमीच्या शिकार परवान्यावर आणखी एक परवाना घ्यावा लागतो. २०१७ साली तो सुरू झाला तेव्हा त्याची किंमत २६.९० डॉलर होती. शिकारीचा मूळ वार्षिक परवाना त्या वेळी २०.९० डॉलरला मिळत होता. हरीण, ससा, खार, रानटर्की या सगळ्यांसाठी एवढे, आणि एकट्या फेझंटसाठी त्याहून जास्त, ही गोष्ट अनेकांना खटकली. तेव्हापासून चाललेला वाद समजायचा तर आधी पक्ष्याकडे पाहावे लागते, मग जमिनीकडे.

पक्षी मूळचा आशियातला, आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्याच कुळातला. शांघायमधल्या अमेरिकी वाणिज्यदूताने १८८१ आणि १८८२ मध्ये ऑरेगनला पाठवलेल्या पक्ष्यांपासून तो अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजला. पेनसिल्व्हेनियात १८९० च्या दशकात लीहाय आणि नॉर्थॅम्प्टन परगण्यांतल्या हौशी लोकांनी स्वखर्चाने जोड्या आणून सोडल्या. पुढे राज्याने हे काम हाती घेतले आणि स्वतःची पैदास केंद्रे उभारली.

त्या पक्ष्याला इथले शेत मानवले, कारण ते शेतच तसे होते. तुकड्यातुकड्यांची जमीन, थोडा मका, थोडे धान्य, शेजारी गवत, बांधावर झुडपे, कापणीनंतर उभी राहिलेली धसकटे. १९७१ च्या हंगामात राज्यात सुमारे १३ लाख फेझंट मारले गेले. लँकेस्टर किंवा लेबनॉन परगण्यात सकाळी कुत्रा सोडावा आणि दुपारपर्यंत घरी परतावे, असे दिवस पाहिलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणीतले पक्षी बहुतांशी जंगलीच होते, पण वाद घालताना हे पुष्कळदा विसरले जाते.

त्यानंतरची घसरण वेगाने झाली. बांध मोडून शेते मोठी झाली, तणनाशकांनी धसकटे साफ झाली. आग्नेय भागात तर शेतांवर घरेच उभी राहिली. माझ्या मते सर्वांत मोठा घाव लसूणघासाच्या लवकर आणि वेगवान कापणीने घातला. अंडी उबवणारी मादी यंत्र जवळ आले तरी घरट्यावरून हलत नाही, आणि कापणीचा काळ नेमका उबवणीच्याच दिवसांत येतो. १९७० च्या दशकाच्या अखेरच्या कडक हिवाळ्यांचे नाव अजून घेतले जाते. पण हिवाळ्याने झालेली तूट चांगल्या गवतात दोन-तीन वर्षांत भरून निघते. इथे गवतच उरले नव्हते.

उत्तर म्हणून पैदास वाढवली गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार लाखांच्या वर पक्षी सोडले जात होते. यातून जंगली संख्या सावरेल, अशी अनेकांची समजूत होती. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी मात्र ससाणा, कोल्हा आणि थंडी यांच्यापुढे फार टिकत नाही. पायात पट्ट्या बांधून केलेल्या पाहणीत सोडलेल्यांपैकी साधारण निम्मेच शिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे दिसले. उरलेले वसंत ऋतूत पिल्ले घेऊन फिरताना दिसले, असे झाले नाही. ‘सोडायचे आणि मारायचे’ हा व्यवहार संवर्धनाच्या खात्यावर मांडला गेला, ही त्या काळातली मोठी चूक, असे मला वाटते.

आता हे पक्षी जिथे सोडले जातात त्या सार्वजनिक जमिनीविषयी. शिकारीसाठी खुली असलेली राज्याची राखीव क्षेत्रे १९२० पासून विकत घेतली गेली. आज ती सुमारे १५ लाख एकर आहेत. ही खरेदी सर्वसाधारण करांतून झालेली नाही. परवान्यांचे पैसे, लाकूडविक्री आणि अशाच उत्पन्नातून ती झाली, आणि बंदुका व काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा वाटा १९३७ च्या कायद्यापासून राज्यांना मिळू लागला. तिथे फिरायला, पक्षी पाहायला कोणीही जाऊ शकतो, पण शिकारी या जमिनीला आपल्या पैशाची जमीन म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच नवा परवाना आला तेव्हा अनेकांना तो आपल्याच अंगणात शिरायचे तिकीट वाटला.

प्रत्यक्षात परवान्याचा जमिनीशी संबंध नव्हता. मूळ परवान्याचे शुल्क विधिमंडळ ठरवते, आणि ते १९९९ नंतर वाढलेले नव्हते. दरम्यान धान्य, मजुरी, निवृत्तिवेतन सगळे वाढत गेले. २०१६ च्या अखेरीस चारपैकी दोन पैदास केंद्रे बंद करण्यात आली. उरलेल्या दोन केंद्रांत स्वतःची अंडी उबवणे थांबवून खासगी पुरवठादाराकडून एक दिवसाची पिल्ले आणली जाऊ लागली. तरीही पैसा पुरेना, तेव्हा विधिमंडळाची वाट न पाहता शिकार आणि वन्यजीवांचे काम पाहणाऱ्या राज्याच्या संस्थेने, गेम कमिशनने, स्वतःच्या अधिकारात हा वेगळा परवाना काढला. २०१७ मध्ये सोडलेल्या पक्ष्यांची संख्या सुमारे १ लाख ७० हजारांवर आली. पुढच्या वर्षी ती पुन्हा दोन लाखांच्या वर गेली.

विरोधकांचे म्हणणे सरळ होते: आज फेझंट, उद्या टर्की, परवा ससा, सगळ्यांचे वेगळे तिकीट निघेल. समर्थक म्हणत होते की हरणामागे जाणाऱ्या माणसाने फेझंटचा दाणा का भरावा? मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि ते लपवत नाही. या परवान्याने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. फेझंटच्या शिकाऱ्यांची नेमकी मोजणी प्रथमच करता आली. आणि पक्षी सोडणे ही शिकाऱ्यांना दिलेली सेवा आहे, संवर्धन नव्हे, हे कबूल झाले.

कुत्रेवाल्यांनी हा निर्णय इतरांपेक्षा लवकर स्वीकारला. त्यांच्यासाठी मारलेल्या पक्ष्यांची संख्या दुय्यम असते. दीड वर्षाच्या पॉइंटरला, म्हणजे पक्ष्याचा वास लागताच थिजून तो दाखवणाऱ्या जातीच्या कुत्र्याला, वास लागणे, मान वळणे, एक पाय उचलून थिजणे हे सगळे शिकायला पक्षी लागतो, आणि तो वारंवार भेटावा लागतो. जंगली फेझंट कुत्र्यापुढे धावत सुटतो. सोडलेला बहुधा गवतात दबून बसतो. जाणते शिकारी त्यात शिक्षणाचा धोकाही पाहतात. दबून बसलेल्या पक्ष्याच्या फार जवळ जायची सवय लागलेला कुत्रा खऱ्या पक्ष्यावर चुकतो. खासगी शिकार-मैदानांचे दर परवडत नाहीत, ओळखीचा शेतकरी नाही, अशा माणसाला मात्र राखीव क्षेत्रातले ते भिजलेले गवत एवढाच पर्याय उरतो. अंगावर ठरलेल्या मापाचा झगझगीत नारिंगी रंग, दिवसाला दोन पक्षी, आणि पक्षी सोडणाऱ्या ट्रकच्या मागोमाग येणारी गर्दी. शांतपणे कुत्रा चालवायचा तर मधल्या वारी, सकाळच्या लाटेनंतर जावे लागते.

दुसरा प्रयत्न याच काळात वेगळ्या वाटेने चालू होता. साउथ डकोटा आणि माँटाना इथून पकडून आणलेले जंगली फेझंट २००७ पासून निवडक भागांत सोडले गेले, आणि तिथे पिंजऱ्यातले पक्षी सोडणे बंद ठेवले गेले. बहुतेक ठिकाणी यश आले नाही. ससक्वेहाना नदीच्या मध्य खोऱ्यात मात्र पक्षी टिकले, कारण तिथे शेतकऱ्यांनी गवत राखले होते. नवा परवाना लागू झाला त्याच २०१७ च्या शरदात, त्या खोऱ्यात सोडतीने निवडलेल्या मुलांना जंगली नरांच्या शिकारीची पहिली परवानगी मिळाली.