फुप्फुस आकसणे

फुप्फुसातील हवा कमी होऊन ते अंशतः किंवा पूर्ण मिटण्याची अवस्था. हवा फुप्फुसाबाहेर, परिफुप्फुसाच्या (फुप्फुसावरील आवरणाच्या) दोन थरांमध्ये शिरली तर वातवक्ष अर्थात न्यूमोथोरॅक्स. वायुकोशांतलीच हवा जाऊन ते मिटले तर अ‍ॅटेलेक्टेसिस.

श्वासाचा आवाज दोन्हींत मंदावतो, म्हणून केवळ स्टेथोस्कोप पुरत नाही. छातीवर बोटांनी ठोकल्यास वातवक्षात पोकळ, अ‍ॅटेलेक्टेसिसमध्ये बद्द आवाज येतो. दाबयुक्त वातवक्षात (शिरलेली हवा बाहेर न पडता दाब वाढत जातो तेव्हा) श्वासनाल, म्हणजे गळ्यातून छातीत जाणारी मुख्य नळी, विरुद्ध बाजूला ढकलली जाते. श्वासनलिका तुंबून फुप्फुस मिटले असेल, तर श्वासनाल त्याच बाजूला ओढली जाते.

न्यूमोथोरॅक्स हे नाव फ्रेंच वैद्य ईतार यांनी १८०३ मध्ये दिले. लक्षणांचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य लाएनेक यांचे (१८१९). इजा नसताना होणाऱ्या वातवक्षाचे कारण त्यानंतर सुमारे शतकभर बहुधा क्षयच मानले जाई. डॅनिश वैद्य केअरगॉर यांनी १९३२ मध्ये तो धडधाकट व्यक्तींतही होतो हे मांडले. असे रुग्ण बहुतांशी उंच, सडपातळ तरुण पुरुष असतात आणि धूम्रपानाने धोका बराच वाढतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरील सूक्ष्म फुगे फुटतात, हे प्रचलित स्पष्टीकरण. मात्र शस्त्रक्रियेत फुटलेला फुगा पुष्कळदा सापडत नाही आणि फुगे काढल्यावरही विकार उलटतो. त्यामुळे आवरणच सच्छिद्र झालेले असते, हे मत निदान काही रुग्णांपुरते अधिक ग्राह्य दिसते. गंमत म्हणजे इटालियन वैद्य फोर्लानीनी यांनी १८८२ मध्ये क्षयावर उपाय म्हणून मुद्दाम वातवक्ष घडवण्याची कल्पना मांडली. ही पद्धत क्षयावरील प्रभावी औषधे येईपर्यंत टिकली.

अ‍ॅटेलेक्टेसिसची कारणे : शस्त्रक्रियेनंतर साचलेला कफ, मुलांच्या श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा, गाठ किंवा फुप्फुसाबाहेर साठलेल्या पाण्याचा दाब. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारा द्रव) कमी पडल्याने वायुकोश मिटतात (एव्हरी व मीड, १९५९). अडथळा काढणे, दीर्घ श्वसनाचे व्यायाम व रुग्णाला लवकर हिंडते-फिरते करणे हे उपाय.

दाबयुक्त वातवक्षात क्ष-किरण चित्राची वाट न पाहता सुईने हवा काढावी लागते. इतर वातवक्षांत हवा काढण्यासाठी छातीत नळी घालण्याची रूढ पद्धत आता काहीशी मागे पडत आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निवडक स्थिर रुग्णांना नुसते देखरेखीखाली ठेवूनही बहुतेकांचे फुप्फुस आठ आठवड्यांत पुन्हा फुगल्याचे आढळले.